निघोजचे रांजणखळगे नुसत्या पाण्याने कोरलेले नाहीत

पारनेर तालुक्यातल्या निघोजजवळ, कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले की बरोबरचं कुणीतरी हमखास सांगतं, "हजारो वर्षं पाण्याची धार पडून दगड झिजला." ही समजूत अर्धवट आहे, आणि तिच्यामुळे नदीचं खरं काम नजरेआड होतं.

नितळ, संथ पाणी बेसॉल्टसारख्या कठीण खडकाचं फारसं काही बिघडवू शकत नाही. कोरायचं काम करतात ते पाण्याबरोबर वाहत येणारे वाळू आणि गोटे. पात्रातल्या एखाद्या भेगेत किंवा खोलगट जागी ते अडकतात. पावसाळ्यात पूर आला की तिथे भोवरा तयार होतो आणि अडकलेले गोटे गरागरा फिरत खडक घासतात, जात्यात दाणे भरडावेत तसे. यात गोटे स्वतःही झिजतात. त्यांची जागा नवे गोटे घेतात. कित्येक खळग्यांचं तोंड अरुंद आणि पोट रुंद असतं. वरून पडणाऱ्या धारेने असा आकार कसा येईल? तळाशी गुळगुळीत गोटे दिसले तर ते जरूर न्याहाळा, खळगा कोरणारी हत्यारं तीच.

शेजारच्या खळग्यांमधल्या भिंती झिजून फुटतात, खळगे एकमेकांना मिळतात आणि पात्र खोल होत जातं. निघोजची अरुंद घळ अशीच घडते आहे. उन्हाळ्यातली रोडावलेली धार यात जवळजवळ काहीच करत नाही. मोठ्या पुराचे मोजके दिवसच बहुतेक काम उरकतात.