चार गुणांची आघाडी, तरी बरोबरी

बुद्धिबळाच्या पटावर चारच सोंगट्या मांडा. काळा राजा एच-८ च्या कोपऱ्यात. पांढरा राजा जी-६ वर, त्याचं प्यादं एच-६ वर आणि पांढऱ्या घरांतून फिरणारा उंट ई-६ वर. खेळी काळ्याची. उंटाचे तीन आणि प्याद्याचा एक, असे चार गुण पांढऱ्याकडे जास्त. काळ्याकडे राजाशिवाय काही नाही. तरी डाव बरोबरीत सुटला आहे. राजाला शह नाही आणि सरकायला घरही नाही, म्हणजे स्टेलमेट. उंट बाजूला घेतला, तर राजा एच-८ ते जी-८ अशा येरझाऱ्या घालत बसतो. एच-८ हे काळं घर. पांढऱ्या घरांतल्या उंटाला त्यावर कधीच मारा करता येत नाही, आणि प्याद्याला वजीर व्हायचं तर नेमकं तिथेच पोचावं लागतं. हा ‘चुकीचा उंट’.

वजिराला नऊ, हत्तीला पाच, उंट-घोड्याला तीन, प्याद्याला एक हे कोष्टक गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात संगणकासाठी मांडलं होतं. नुसतं तेवढंच शिकलेला प्रोग्रॅम वरच्यासारख्या स्थितीत फसतो. वीस खेळ्या पुढचं पाहिलं तरी उंट आणि प्यादं पटावर शाबूत असतात, म्हणून आकडा चारच येतो. पण खरं नुकसान त्याच्या आधीच झालेलं असतं: हातातला डाव जिंकताना मारामारी करून तो खुशाल या कोपऱ्यात शिरतो.

स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या मूल्यमापनात यावर एक सुरेख तोडगा होता. आघाडी मोजायची आणि मग तिला एका गुणकाने कमी करायची. गुणक ६४ असेल तर आघाडी पूर्ण धरायची, ० असेल तर सरळ बरोबरी. चुकीचा उंट ओळखला की शून्य. दोघांचे उंट विरुद्ध रंगांच्या घरांतले असले की गुणक अधेमधे कुठेतरी, कारण तिथे बचावाचा उंट प्याद्यांच्या वाटेत ठाण मांडतो आणि समोरच्या उंटाला त्याला हटवता येत नाही. येणं किती आहे ते एक, आणि त्यातलं वसूल किती होईल ते वेगळं; हा फरक प्रोग्रॅममध्ये इतक्या साधेपणाने उतरलेला पाहून मला अजूनही आनंद होतो.

दोन घोड्यांची गोष्ट तर याहून विलक्षण. एकट्या राजाविरुद्ध दोन घोडे असले, तर सहा गुण जास्त असूनही मात जबरदस्तीने देता येत नाही. राजाला कोंडायला जावं तर स्टेलमेट होतं. पण त्या दुबळ्या बाजूला एक प्यादं द्या. आता राजा कोंडला गेला तरी तिला प्याद्याची खेळी शिल्लक राहते, स्टेलमेट टळतं आणि पुढच्या खेळीला मात बसते! ते प्यादं फार पुढे गेलेलं नसावं आणि घोड्याने अडवलेलं असावं, एवढीच अट. ते प्यादं कुठवर चालेल त्या सीमारेषा बुद्धिबळाची कोडी रचणारे रशियन रचनाकार त्रोइत्स्की यांनी आखून ठेवल्या. इथे गुणांची बेरीज अगदी उलटी दिशा दाखवते.

अशा ठिकाणी संगणकाने माणसांचाही समज चुकीचा ठरवला आहे. एका घोड्याविरुद्ध दोन उंट ही बरोबरीच, असं एकोणिसाव्या शतकापासून मानलं जाई. संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन यांनी १९८३ मध्ये प्रत्येक स्थिती मागे मागे सोडवत नेली आणि उंट बहुतेकदा जिंकतात हे दाखवलं, कधी कधी ६६ खेळ्या घेऊन. पन्नास खेळ्यांत मारामारी किंवा प्याद्याची खेळी झाली नाही तर बरोबरी मागता येते, त्यामुळे असे काही विजय कागदावरच राहतात. आज सात मोहऱ्यांपर्यंतची सगळी उत्तरं तयार आहेत, राजे धरून. त्याहून जास्त मोहरे असलेल्या स्थिती जोखायला स्टॉकफिशमध्ये २०२० पासून न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं गणिती जाळं, आलं.

मला खटकतं ते वेगळंच. हत्ती-उंट विरुद्ध हत्ती ही स्थिती बहुधा बरोबरीची, म्हणून ही तयार उत्तरं तिला शून्य, म्हणजे बरोबरी, देतात; हत्तीविरुद्ध नुसत्या हत्तीलाही शून्यच. पण पहिलीत बचाव करणाऱ्याला कित्येकदा एकच बरोबर खेळी असते, आणि घड्याळ संपत आलं की ग्रँडमास्टरही ती चुकतात. माणसाशी खेळणाऱ्या प्रोग्रॅमने या दोन शून्यांत फरक करावा आणि उंट हातचा जाऊ देऊ नये.