पेटीवर सारेगमचे स्टिकर लावण्यापूर्वी

नमस्कार.

आमच्या दुकानातून पेटी, कीबोर्ड, गिटार, बासरी किंवा तबला घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आम्ही हे पत्रक देतो. वाद्याची निगा शेवटी थोडक्यात सांगितली आहे. त्याआधी बराचसा मजकूर संगीताच्या शास्त्राबद्दल आहे, कारण काउंटरवर प्रश्न त्याचेच येतात. "भजनापुरतं वाजवायचंय, शास्त्र कशाला?" "लेकीची प्रारंभिकची परीक्षा आहे, थाट म्हणजे नक्की काय?" "मोबाईलवर बघून अख्खं गाणं बसवलं, पण वहिनी गायला बसल्या की पेटी एकीकडे आणि गळा दुसरीकडे. पेटीत काही बिघाड आहे का?"

पेटीत बिघाड नसतो. होतं असं, की पेटी घरी गेल्यावर पांढऱ्या पट्ट्यांवर ओळीनं सा, रे, ग, म असे स्टिकर चिकटतात. मग पांढरी एक हा सा होतो आणि कायमचा सा होऊन बसतो. वहिनींचा गळा काळी चारमध्ये मोकळा लागतो. त्यांच्यासाठी सा तिथे नेला की सगळे स्टिकर चुकीचे ठरतात, आणि बोटांना दुसरं काही माहीत नसतं. म्हणून आमची पहिली विनंती: स्टिकर लावू नका. त्यांच्या डिंकानं पट्ट्या चिकट होतात आणि त्यात धूळ बसते, हे दुसरं कारण.

सा कुठेही धरता येतो

आपल्या संगीतात सा हा कुठल्या एका पट्टीचा स्वर नाही. गाणारा जिथे सा धरेल तिथे सा. बाकीचे स्वर त्या सापासून किती अंतरावर आहेत यावरून त्यांची नावं ठरतात. शास्त्राची भीती वाटणाऱ्यांनी आधी एवढंच नीट समजून घ्यावं. पुढचं सगळं यातूनच निघतं.

पेटीकडे बघा. दोन काळ्या, मग तीन काळ्या, पुन्हा दोन, पुन्हा तीन. दोन काळ्यांच्या जोडीला लागून डावीकडे जी पांढरी आहे ती पांढरी एक. तिथून उजवीकडे पांढऱ्या वेगळ्या आणि काळ्या वेगळ्या मोजायच्या: पांढरी दोन, तीन; काळी एक, दोन. तिच्यापासून पुढची पांढरी एक येईपर्यंत ७ पांढऱ्या आणि ५ काळ्या, मिळून १२ पट्ट्या. हे एक सप्तक. रंग कुठलाही असो, लगतच्या पट्टीवर गेलं की एक घर पुढे गेलो असं समजा. आता शुद्ध स्वरांची अंतरं पाठ करा. सा ते रे दोन घरं, रे ते ग दोन, ग ते म एक, म ते प दोन, प ते ध दोन, ध ते नी दोन, नी ते वरचा सा एक. बेरीज १२.

पांढरी एकवर सा धरला की हा हिशेब बरोबर पांढऱ्या पट्ट्यांवरूनच जातो. म्हणून तो सोपा वाटतो, आणि शिकणारा अंतरं न शिकता रंग लक्षात ठेवतो. आता काळी एकवर सा धरा आणि तीच घरं मोजत जा. काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पुढच्या सप्तकातली पांढरी एक, आणि तिथली काळी एक. कानाला तेच सारेगम ऐकू येईल, फक्त किंचित उंच. रोज एक नवी पट्टी सा म्हणून घ्या. सुरुवातीला बोटं अडखळतील. घाई करू नका, तोंडानं स्वराचं नाव म्हणत वाजवा. वहिनींची अडचण याच रियाजानं सुटते. पेटीबरोबरचं स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून सगळे सूर वर-खाली नेणारी रचना) ही उपयोगी सोय आहे, पण पहिलं वर्षभर तिला हात न लावलेला बरा असं आमचं मत आहे.

फक्त काळ्या पट्ट्यांवर

हा प्रयोग आम्ही दुकानात लहान मुलांकडूनही करून घेतो. तुम्हीही घरी गेल्यावर आजच करून बघा.

काळी तीनवर सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवत वर जा: काळी तीन, चार, पाच, पुढच्या सप्तकातली एक, दोन आणि परत तीन. सा रे ग प ध सा. हे भूप रागाचे स्वर. आता पट्ट्या त्याच पाच, पण सा काळी एकवर धरा. तुम्ही सा रे म प ध वाजवत आहात, म्हणजे दुर्गा. सा काळी पाचवर नेला की सा, कोमल (म्हणजे शुद्धपेक्षा एक घर खालचा) ग, म, कोमल ध, कोमल नी मिळतात, म्हणजे मालकंस. काळी दोनवरून धानीचे स्वर निघतात आणि काळी चारवरून मधमाद सारंगाचे.

एकही पट्टी बदललेली नाही. बदलला तो सा, आणि त्याच्याबरोबर प्रत्येक पट्टीचं नाव बदललं, नात्यातला तिचा मान बदलला. मात्र एक काळजी घ्या. दर वेळी नव्या साचा सूर मागे चालू ठेवा, तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर किंवा पेटीवरच ती पट्टी दाबून धरून. नाहीतर कान जुन्याच साला धरून राहतो आणि मालकंसाऐवजी भूपच ऐकू येत राहतो. स्वरांची ओळ तीच ठेवून आरंभ बदलायचा, या कल्पनेला शास्त्रात मूर्च्छना म्हणतात, आणि तिचं वर्णन भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातही आहे. एवढी जुनी गोष्ट पाच काळ्या पट्ट्यांवर हाताशी येते याचं आम्हाला इतकी वर्षं या धंद्यात राहूनही अप्रूप वाटतं.

थाट

सा आणि प आपली जागा सोडत नाहीत. रे, ग, ध, नी एक घर खाली उतरले की कोमल होतात. म एक घर वर चढला की तीव्र होतो. ७ शुद्ध, ४ कोमल आणि १ तीव्र मिळून १२.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांची विभागणी दहा थाटांत, म्हणजे सात स्वरांच्या दहा साच्यांत, केली. परीक्षेला बसणारी मुलं हे दहा थाट कवितेसारखे घोकतात आणि आठवड्यात विसरतात. त्याऐवजी पेटीवर एकेक स्वर हलवत जा. सगळे शुद्ध म्हणजे बिलावल. त्यातला नी उतरवला की खमाज. ग पण उतरवला की काफी. मग ध उतरवला की आसावरी, शेवटी रे उतरवला की भैरवी. आता पुन्हा बिलावलावर या आणि म चढवा: कल्याण. त्यात रे उतरवला की मारवा, ध उतरवला की पूर्वी, ग उतरवला की तोडी. एक भैरव तेवढा वेगळा उरतो: बिलावलातले रे आणि ध कोमल करा. दहा झाले.

थाट गायला-वाजवायला नसतो, ती रागांची मांडणी लावायची सोय आहे. राग ही पुढची गोष्ट, आणि दोघांत गल्लत करू नका. भूप आणि देशकार दोन्हींत स्वर तेच पाच, सा रे ग प ध. तरी भूपात वादी (सर्वांत महत्त्वाचा स्वर) ग आणि संवादी (त्याखालोखालचा) ध, देशकारात वादी ध आणि संवादी ग. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देशकार सकाळी. भूप कल्याण थाटातला मानतात आणि देशकार बिलावल थाटातला. भूपात गाणारा गंधारावर (ग) येऊन विसावतो, देशकारात सगळा भर वरच्या अंगाला धैवतावर (ध) राहतो. स्वरांची यादी पाठ झाली म्हणजे राग आला, असं वाटून पुष्कळजण इथेच थांबतात. यापुढचं गुरूंसमोर बसूनच मिळतं. कोणत्या स्वरावर किती थांबायचं हे पत्रकात लिहून देता येत नाही.

लिहून ठेवण्याबद्दल

वही ठेवा. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, मंद्र (खालच्या) सप्तकातल्या स्वराखाली टिंब आणि तार (वरच्या) सप्तकातल्या स्वरावर टिंब देतात. पलुस्कर पद्धतीच्या खुणा वेगळ्या आहेत. क्लासमध्ये कुठली पद्धत चालते ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, दोन्ही एकत्र केल्या तर पुढे स्वतःचंच लिहिलेलं वाचता येत नाही.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचं नाव नाशिकमध्ये तरी नुसतं परीक्षेपुरतं राहू नये. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घराण्याच्या बैठकीतलं शिक्षण वर्गात, फळ्यावर, छापील पुस्तकात आणलं. उत्तरायुष्यात ते आपल्या नाशिकला आले आणि इथे त्यांनी रामनाम आधार आश्रम उभा केला. त्यांचे चिरंजीव, गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचा जन्म १९२१ साली नाशिकचाच. विष्णु दिगंबर १९३१ साली गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. तुमची मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या ज्या परीक्षा देतात त्या याच मंडळाच्या.

ताल

तबला घेणाऱ्यांनीच नव्हे, सगळ्यांनी हा भाग वाचावा. हातानं टाळी देत तोंडानं बोल म्हणायचे, वाद्य लागत नाही. तीनताल १६ मात्रांचा (मात्रा म्हणजे तालाचा एक ठोका), चार-चारचे चार खंड: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या मात्रेला सम, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला काल, तिथे हात उघडा करायचा. दादरा ६ मात्रांचा, केरवा ८, झपताल १०, एकताल १२. रूपक ७ मात्रांचा आणि त्याची सुरुवातच कालानं होते, म्हणून तो शेवटी घ्या.

गणपतीत ढोलपथकात वाजवलेली मुलं आमच्याकडे तबल्याची चौकशी करायला येतात. त्यांच्या हातात लय आधीच पक्की असते, आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) मोजण्याची सवय तेवढी लावून घ्यायची असते. पेटी शिकणाऱ्यांचं बहुतेकदा उलटं होतं, स्वर येतात आणि सम चुकते. तबला घेण्याआधी तो कोणत्या सुरासाठी हवा हे ठरवून या. उंच सुराला लहान तोंडाचा लागतो, खालच्या सुराला मोठा, आणि हातोडी ठोकून तो फार वर-खाली नेता येत नाही.

पेटीची मर्यादा

आम्ही पेटी विकतो, तरी हे सांगायलाच हवं. पेटीवर सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. सहज गळ्यातून किंवा तंबोऱ्याच्या खर्जातून (खालच्या साच्या तारेतून) ऐकू येणारा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो. पेटीवर मींडही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणंही, निघत नाही. याच कारणांवरून आकाशवाणीनं १९४० साली पेटीला बंदी घातली होती आणि ती १९७१ मध्ये उठायला सुरुवात झाली. नवशिक्यांनी घाबरून जाण्याचं कारण नाही. जागा समजायला पेटी उत्तम आहे. पण रोजच्या रियाजातली काही मिनिटं पेटी मिटून, नुसत्या तंबोऱ्यावर सा, ग आणि प गाण्यासाठी ठेवा. तंबोऱ्याचं अ‍ॅपही चालेल. कान तयार होतो तो इथे.

गिटार, कीबोर्ड आणि बासरीवाल्यांसाठी

घरांचा हिशेब तुम्हालाही तसाच लागू आहे. गिटारवर एक फ्रेट (दांडीवरची आडवी पट्टी) म्हणजे एक घर, आणि बाराव्या फ्रेटवर तार बरोबर निम्मी होते, म्हणून तिथे वरचा सा मिळतो. सातव्या फ्रेटशी तारेचा जवळपास दोन-तृतीयांश भाग उरतो, तो प. कॉर्ड म्हणजे अनेक स्वर एकदम वाजवणं. मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग, प एकदम. त्यातला ग कोमल केला की मायनर. कॉर्डची चित्रं पाठ करण्याआधी हे तीन स्वर तारांवर कुठे आहेत ते शोधा. कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटशी दाबणारा चिमटा) लावणं म्हणजे सा सरकवणंच. बासरीवर वरची तीन भोकं बंद करून जो स्वर येतो तो सा, आणि बासरीचा सूर त्यावरूनच सांगतात.

निगा

नाशिकच्या पावसाळ्यात हवेतल्या दमटपणानं तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडून सूर उतरतो, हिवाळ्याच्या कोरड्या हवेत चढतो. दोन्ही वेळा थोडं-थोडं गट्ट्यांवर (वादीखालचे लाकडी ठोकळे) जुळवा, एकदम नको. पेटी पूर्ण पावसाळा न वाजवता कपाटात ठेवू नका, रोज पाच मिनिटं तरी भाता हलता ठेवा. उन्हात किंवा बंद गाडीत कुठलंच वाद्य ठेवू नका. एखादा सूर अडकला किंवा सारखा वाजत राहिला तर घरी पेटी उघडून रीड खरवडू नका, तशीच आमच्याकडे आणा.

आपला सा ठरवणं

गाणाऱ्यानं आपला सा कोणता हे आधी शोधावं. खाली मंद्र पंचमापर्यंत (खालचा प) आवाज विरू नये आणि वर तार गंधार (वरचा ग) ओरडावं न लागता लागावा, अशी जागा निवडायची. पुरुषांचा सा बहुतेकदा काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास येतो, बायकांचा काळी चार ते काळी पाचच्या आसपास, आणि लहान मुलांचा वयाप्रमाणे बदलत जातो. शेजारच्या क्लासमधल्या मुलीचा काळी पाच म्हणून आपलाही तोच, असं करू नका. एकट्यानं ठरत नसेल तर घरातल्या गाणाऱ्यांना घेऊन दुकानात या. सकाळी गर्दी कमी असते, तेव्हा पेटीवर बसून शांतपणे बघता येतं. येताना मोबाईल आणा, तंबोऱ्याच्या अ‍ॅपमध्ये तुमचा सूर लावून देऊ.