पॉप-पंकच्या सीडी आणि रेकॉर्ड : खरेदी आणि पारख

पंक रॉकचा वेग आणि पॉप गाण्यांच्या सहज ओठांवर बसणाऱ्या चाली यांतून पॉप-पंक ही रॉक संगीताची शाखा घडली. तिचे अल्बम सीडी किंवा विनाइल रेकॉर्डच्या रूपात विकत घेणे, त्यांच्या आवृत्त्या पारखणे आणि त्या जपणे असा हा छंद आहे. न्यूयॉर्कच्या रमोन्सचा १९७६ सालचा पहिला अल्बम आणि मँचेस्टरच्या बझकॉक्सची छोटी, गोड गाणी ही या शाखेची मुळे मानली जातात. बहर मात्र १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात आला. आज ही सारी गाणी फोनवर महिन्याच्या वर्गणीत ऐकता येतात. तरीही छंद टिकला, वाढलासुद्धा. याचे मोठे कारण असे, की एकाच अल्बमच्या दोन प्रतींत गाण्यांची संख्या, मुखपृष्ठ, आवाजाची पातळी, क्वचित बँडचे नावसुद्धा वेगळे निघते. फोनवर यांतली एकच आवृत्ती समोर येते, आणि तीही बहुधा सर्वांत अलीकडची.

लहान लेबले

या संगीताचा जन्म मोठ्या कंपन्यांच्या बाहेर झाला. बर्कली शहरात १९८६ च्या ३१ डिसेंबरला ९२४ गिलमन स्ट्रीट हा स्वयंसेवकांनी चालवलेला, सर्व वयांच्या मुलांना खुला असलेला मंच सुरू झाला. पाठोपाठ १९८७ मध्ये लुकआउट रेकॉर्ड्स हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, निघाले. लॉस अँजेलिसमध्ये बॅड रिलिजन बँडच्या ब्रेट गुरेविट्झचे एपिटाफ होतेच. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फॅट रेक कॉर्ड्स आले. कार्यक्रमाच्या ठिकाणी एका टेबलावर मांडलेल्या रेकॉर्ड, किंवा पाकिटात पैसे घालून टपालाने मागवलेल्या रेकॉर्ड, एवढीच त्यांची बाजारपेठ. प्रती थोड्या छापायच्या, खपल्या की पुन्हा छापायच्या आणि दर वेळी हाताशी असेल तो कागद, ती शाई वापरायची. पुढे संग्राहकांना वेड लावणारे बारीकसारीक फरक या काटकसरीतून आले आहेत. कोणी ते मुद्दाम घडवलेले नव्हते, म्हणूनच त्यांचे मोल वाटते.

ग्रीन डे या बँडचे सुरुवातीचे अल्बम याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. १९८९ मध्ये त्यांची '१,००० अवर्स' ही सात इंची रेकॉर्ड आली, १९९० मध्ये '३९/स्मूद' हा दहा गाण्यांचा एलपी (पूर्ण अल्बमची मोठी रेकॉर्ड) आणि 'स्लॅपी' ही आणखी एक सात इंची. लुकआउटने १९९१ मध्ये या तिन्हींची गाणी आणि वर एक जास्तीचे गाणे अशी एकोणीस गाणी एकाच सीडीवर घेतली. नावही तिन्हींना जोडून केले, '१,०३९/स्मूद्ड आउट स्लॅपी अवर्स'. म्हणजे सीडी घेणाऱ्याला सगळेच मिळते, पण एलपी घेणाऱ्याला बँडने त्या वर्षी लावलेला मूळ क्रम मिळतो. त्यांच्या पुढच्या 'कर्प्लंक' अल्बमचेही तसेच झाले. एलपीवर बारा गाणी, सीडीवर सोळा, कारण शेवटी 'स्वीट चिल्ड्रन' या जुन्या रेकॉर्डची चार गाणी जोडलेली. दोन्ही प्रती ऐकलेल्या माणसाला विचारावे, तो एलपीचा शेवटच अल्बमचा खरा शेवट आहे असे सांगेल, आणि ते पटण्यासारखे आहे.

ग्रीन डेने १९९३ मध्ये मोठ्या कंपनीशी करार केला आणि गिलमनच्या नियमानुसार त्या मंचाचे दार त्यांना बंद झाले. मोठ्या लेबलच्या बँडला तिथे वाजवता येत नसे. २०१५ मध्ये ते तिथे पुन्हा वाजवू शकले. मानधनाची थकबाकी वाढल्यामुळे २००५ मध्ये बँडने जुन्या अल्बमांचे हक्क लुकआउटकडून काढून घेतले; २०१२ मध्ये ते लेबल बंद पडले. त्यामुळे पाठीवर लुकआउटची खूण असलेली प्रत ही आता एका संपलेल्या काळातली वस्तू आहे. त्याच गाण्यांच्या नव्या प्रती सहज मिळतात आणि आवाजातही कमी नसतात, तरी भाव जुन्यांनाच जास्त.

सीडीचा काळ

फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून घडवलेली १२ सेंटिमीटर व्यासाची सीडी ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आली. पॉप-पंक घरोघर पोहोचले तेव्हा रेकॉर्ड मागे पडली होती, सीडीचे राज्य होते. १ फेब्रुवारी १९९४ रोजी ग्रीन डेचा 'डूकी' आणि त्याच वर्षी ८ एप्रिलला ऑफस्प्रिंगचा 'स्मॅश' आला. 'डूकी'ने अमेरिकेत १९९९ मध्ये एक कोटी प्रतींची 'डायमंड' मान्यता मिळवली. 'स्मॅश' तर एपिटाफसारख्या स्वतंत्र लेबलचा असूनही जगभर अशाच प्रचंड संख्येने खपला. हे अल्बम बहुतेकांनी सीडीवर किंवा कॅसेटवर ऐकले. म्हणून १९९० च्या दशकातल्या पॉप-पंकपुरते बोलायचे तर सीडी हेच त्याचे मूळ रूप, आणि रेकॉर्डच्या झगमगाटात तिला दुय्यम ठरवणे हा अन्याय आहे. जुनी सीडी स्वस्त मिळते, टिकते, आणि त्या वेळचा आवाज जसाच्या तसा देते. नंतरच्या अनेक नव्या आवृत्त्यांत आवाजाची पातळी इतकी चढवलेली असते, की हळू आणि मोठ्या आवाजातला फरक पुसला जातो आणि ड्रमचा ठोका बोथट होतो.

सीडीने आपल्या काही खोड्याही आणल्या. 'डूकी'चे शेवटचे गाणे संपल्यावर बराच वेळ शांतता असते आणि मग एक लपवलेले गाणे सुरू होते. त्याच अल्बमच्या पहिल्या प्रतींच्या मागच्या बाजूला गर्दीच्या छायाचित्रात 'सेसमी स्ट्रीट' मालिकेतला अर्नी हा बाहुला दिसतो. पुढच्या छपाईत तो पुसून टाकला. ब्लिंक-१८२ च्या १९९९ मधील 'एनिमा ऑफ द स्टेट'च्या मुखपृष्ठावरील नर्सच्या टोपीवर सुरुवातीला लाल क्रॉस होता, नंतरच्या प्रतींत तो नाही. याच बँडच्या पहिल्या 'चेशायर कॅट' अल्बमच्या आरंभीच्या प्रतींवर नाव नुसते 'ब्लिंक' आहे. त्या नावाचा आयर्लंडमध्ये आधीच एक बँड होता, म्हणून पुढे १८२ हा आकडा जोडावा लागला. २००१ चा त्यांचा 'टेक ऑफ युवर पँट्स अँड जॅकेट' तर लाल, पिवळ्या आणि हिरव्या अशा तीन खुणांच्या सीडींत निघाला आणि प्रत्येकीत दोन वेगळी जास्तीची गाणी होती. चाहत्याने एकच अल्बम तीनदा घ्यावा असा तो सरळ हिशेब होता. पण तिन्ही जमवून सहाच्या सहा गाणी ऐकणाऱ्यांना त्याचा पस्तावा झालेला दिसत नाही.

प्रत ओळखायची कशी

सीडी उजेडात तिरकी धरली, की मधल्या भोकाभोवती आरशासारख्या पट्ट्यात बारीक अक्षरे दिसतात. हा छपाईचा क्रमांक. त्याच्या जवळ 'आयएफपीआय' ही अक्षरे आणि एक संकेतांक असेल, तर ती तबकडी १९९४ किंवा त्यानंतरची आहे, कारण कारखाना ओळखण्याची ही पद्धत त्या वर्षी सुरू झाली. १९९१ ची पहिली छपाई म्हणून विकायला ठेवलेल्या सीडीवर ही खूण दिसली तर दावा खोटा. अमेरिकेत टपालाने सीडी विकणाऱ्या क्लबांच्या प्रतींवर मागे क्लबचे नाव छापलेले असते; गाणी तीच, पण संग्राहक त्यांना कमी भाव देतात. डबीच्या कडेला करवतीने पाडलेली खाच दिसली तर तो दुकानातून परत गेलेला, सवलतीत काढलेला माल समजावा. ब्रिटनमधील ब्लॅकबर्नच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ दरम्यान छापलेल्या अनेक सीडी कडेपासून तांबूस होत जातात आणि शेवटी वाजेनाशा होतात. त्या काळची ब्रिटिश प्रत घेताना हा रंग पाहूनच घ्यावी.

रेकॉर्डचा क्रमांक मधल्या कागदी चकतीच्या बाहेरच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला असतो. पंक बँडांनी तिथे सुईने लिहिलेले छोटे संदेश, टोमणे, निरोप हा या छंदातला खास आनंद आहे. दर्जा सांगण्यासाठी 'गोल्डमाइन' नियतकालिकाची श्रेणी वापरतात. मिंट म्हणजे कोरी, निअर मिंट म्हणजे जवळजवळ कोरी, मग व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड आणि गुड. या शेवटच्या 'गुड'ला भुलू नये. ती प्रत चांगलीच खरखरते. कव्हर आणि तबकडी यांची श्रेणी वेगवेगळी द्यायची असते आणि प्रामाणिक विक्रेता तशी देतो. २००० मध्ये सुरू झालेल्या डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर प्रत्येक छपाईची स्वतंत्र नोंद, छायाचित्रे आणि पूर्वीचे विक्रीचे भाव पाहता येतात. घासाघीस करण्याआधी ते पाहावेत.

रेकॉर्डचे पुनरागमन

मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा एलपी १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने आणला. त्याच्या एका बाजूला साधारण वीस मिनिटांचे संगीत चांगल्या आवाजात मावते. पॉप-पंकचे अल्बम बहुधा तीस ते चाळीस मिनिटांचेच, म्हणून ते एका तबकडीवर ओढाताण न होता बसतात. अडचण वेगळीच आहे. सुई आत सरकत जाते तशी तिला दर फेरीत कमी लांबीची खाच मिळते आणि तार स्वर, विशेषतः झांजा आणि 'स'कार, फाटल्यासारखे ऐकू येतात. प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्याला हा फटका बसतो, आणि गिटारींची भिंत उभी करणाऱ्या या संगीतात तो लपत नाही. वापरलेली रेकॉर्ड घेताना म्हणूनच शेवटचे गाणे आधी वाजवून पाहावे. १८० ग्रॅम वजनाची तबकडी हाताला भारदस्त लागते, सहज वाकत नाही; पण आवाज मूळ ध्वनिमुद्रणावर आणि खाच कापणाऱ्या कारागिरावर ठरतो, वजनावर नाही.

१९ एप्रिल २००८ रोजी पहिला रेकॉर्ड स्टोअर डे साजरा झाला आणि त्या दिवसासाठी खास प्रती काढण्याची प्रथा पडली. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्ड आणि ३ कोटी ३० लाख सीडी विकल्या गेल्या. नगांच्या हिशेबात रेकॉर्डने सीडीला मागे टाकण्याची १९८७ नंतरची ती पहिली वेळ. मागणी वाढली तरी कारखाने थोडेच. लॅकरचा लेप दिलेल्या ज्या तबकडीवर पहिली खाच कापतात ती बनवणाऱ्या जगातल्या दोन प्रमुख कारखान्यांपैकी एक, कॅलिफोर्नियाच्या बॅनिंग गावातला अपोलो मास्टर्स, फेब्रुवारी २०२० मध्ये जळून खाक झाला. त्यानंतरच्या एकदोन वर्षांत आगाऊ पैसे भरलेल्या ग्राहकांना रेकॉर्डसाठी महिनोन् महिने थांबावे लागले.

पॉप-पंकच्या बाजारात रंगीत रेकॉर्डला फार महत्त्व आहे. एकच अल्बम पाच-सहा रंगांत, प्रत्येक रंगाच्या तीनशे किंवा पाचशे प्रती, आणि त्या काही मिनिटांत संपतात. लहान लेबलला या आगाऊ विक्रीतून छपाईचा खर्च निघतो, ही चांगली बाजू. वाईट बाजू ही, की सीलबंद प्रत तशीच ठेवून दुप्पट भावाने विकणारेही याच रांगेत असतात आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही. चित्र छापलेल्या तबकड्या आणि अंधारात चमकणाऱ्या तबकड्या अनेकदा जास्त खरखरतात. ऐकण्यासाठी घ्यायची असेल तर साधी काळी घ्यावी.

महाराष्ट्रात

मुंबईत पाश्चात्त्य संगीताचे हक्काचे दुकान म्हणजे काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस. १९४८ मध्ये सुरू झालेले हे दुकान २०१६ मध्ये बंद झाले. पॉप-पंक इथे मुख्यतः एमटीव्ही, कॅसेट आणि सीडी यांच्यामार्फत पोहोचले. त्यामुळे चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्डचे ढीग उपसले तर हिंदी चित्रपटांच्या एचएमव्ही तबकड्या मिळतील, सत्तरच्या दशकातले रॉकही मिळेल. ग्रीन डे रेकॉर्डवर मिळणे कठीण. सीडी मात्र घराघरांतल्या कपाटांतून अजून बाहेर येतात आणि रद्दीच्या भावात जातात. नव्या रेकॉर्डसाठी माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबसारखी दुकाने आहेत. आयात मालावर वाहतूक आणि कर चढत असल्याने किंमत अमेरिकेपेक्षा बरीच जास्त पडते. २०२४ मध्ये मुंबईत रेकॉर्ड छापण्याचा नवा कारखाना सुरू झाला आणि मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलुझा महोत्सवात ग्रीन डे वाजवून गेले.

कोकण किनारपट्टीच्या हवेत रेकॉर्ड सांभाळणे हे वेगळेच काम आहे. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या कव्हरवर आणि खाचांतही बुरशी धरते, एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत राहिलेली तबकडी वाकते. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात, एकमेकींवर रचू नयेत, आतले कागदी पाकीट बदलून प्लास्टिकचे मऊ पाकीट घालावे आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. सीडीला बुरशीचा तेवढा त्रास नाही, पण डबीतली कागदी पुस्तिका ओलीने चिकटते. ती पावसाळ्याआधी एकदा काढून, चाळून पुन्हा ठेवावी.