श्वासातले धातू : धुराड्यापासून ब्रेकपर्यंत

हवेतले धातू म्हटले की डोळ्यांपुढे कारखान्याचे धुराडे येते. पण आज वाहत्या रस्त्यालगत राहणाऱ्या माणसाच्या श्वासात जाणारे तांबे, अँटिमनी किंवा बेरियम बहुतेक वेळा कशाच्या जळण्यातून आलेले नसते. ते घासण्यातून आलेले असते. धुरापासून झिजेपर्यंतचा हा प्रवास समजून घ्यायचा तर शिशाकडे वळावे लागते.

शिशाची गोष्ट जुनी आहे. रोमन काळात चांदीसाठी शिशाची खनिजे भट्टीत वितळवत. त्या धुरातले शिसे ग्रीनलँडच्या बर्फाच्या थरांत आजही सापडते. दगडी कोळशाने त्यात आर्सेनिक, सेलेनियम आणि पारा यांची भर घातली. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरके साचून हजारो माणसे दगावली आणि १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा आला. त्याचा रोख धुरावर होता. धुरात कोणते धातू आहेत हा प्रश्न मागेच राहिला.

तोवर शिसे दुसऱ्या वाटेने घराघरापर्यंत पोचले होते. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना आढळले की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग, टेट्राइथिल लेड, अगदी थोडे मिसळले तरी इंजिनाची ठोठो थांबते. १९२३ मध्ये ते ‘इथिल’ या नावाने विकायला आले. नावात शिशाचा उल्लेखही नव्हता. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या एका शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनवणाऱ्या पाच कामगारांचा भ्रमिष्ट अवस्थेत मृत्यू झाला. १९२५ च्या सरकारी परिषदेत कामगारांच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन आणि शरीरशास्त्रज्ञ यँडेल हेंडरसन यांनी धोक्याचा इशारा दिला. काही काळ थांबवलेली विक्री तरीही पुन्हा सुरू झाली आणि पुढची कित्येक दशके जगभरच्या शहरांत गाड्यांमधून शिसे फवारले गेले. मला यातली सर्वांत वेदनादायक गोष्ट ही वाटते की इशारा वेळेवर मिळाला होता.

पृथ्वीचे वय मोजणारे क्लेअर पॅटरसन यांना प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिशाची भेसळ आढळत होती. त्यातूनच १९६५ साली त्यांनी मांडले की शहरी माणसाच्या अंगातले शिसे नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभरपट आहे. १९७९ मध्ये अमेरिकी डॉक्टर हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांची बुद्धिचाचणीतली कामगिरी कमी दिसली.

अमेरिकेत १९७५ पासून बहुतेक नव्या गाड्यांना बिनशिशाचे पेट्रोल लागू लागले, त्यामागचे तातडीचे कारण मात्र निराळे होते. धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होत. म्हणजे यंत्र वाचवताना माणसेही वाचली. १९७६ ते १९८० या काळात तिथल्या लोकांच्या रक्तातले सरासरी शिसे एक तृतीयांशाहून जास्त घटले. मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबले. लहान पिस्टन विमानांच्या इंधनात मात्र शिसे अजून आहे.

शिवाय धातू कुजत नाही, जळून नाहीसा होत नाही. ब्रिटनमध्ये शिशाच्या पेट्रोलवर १९९९ अखेर बंदी आली. २०१४ ते २०१८ दरम्यान लंडनच्या हवेतून गोळा केलेल्या कणांतल्या शिशाची समस्थानिके, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, तपासली (त्यांच्या प्रमाणावरून शिसे कुठून आले ते ओळखता येते), तेव्हा त्यातले ४० टक्क्यांपर्यंत शिसे जुन्या पेट्रोलचे असल्याचे दिसले. मातीत आणि रस्त्याच्या धुळीत बसलेले ते शिसे वारा आणि चाके पुन्हा उडवत राहतात.

बाकीच्या स्रोतांची ओळख धातूंच्या जोड्यांवरून पटते. व्हॅनेडियम आणि निकेल एकत्र दिसले की जहाजांचे जड इंधन आठवावे, जस्त दिसले की टायर, कारण रबर पक्के करायला झिंक ऑक्साइड लागते. भुयारी रेल्वेच्या फलाटावर लोह भरपूर असते. ते चाक, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून येते. घरात सिगारेटच्या धुरातून कॅडमियम येते, जुन्या रंगाच्या पोपड्यांतून शिसे.

ब्रेकची हकीकत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. आरोग्याला घातक ठरलेले ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज मागे पडले तसे ब्रेकच्या पॅडमध्ये तांबे आणि अँटिमनी सल्फाइड यांचा वापर वाढला. दर वेळी ब्रेक दाबला की त्याची बारीक पूड उडते. २०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या ३७ मृतांच्या मेंदूच्या नमुन्यांत मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे, गोलसर सूक्ष्म कण आढळले. उच्च तापमानात तयार होणाऱ्या कणांशी ते जुळत होते. त्यांनी आजार होतो हे त्यातून सिद्ध झाले नाही, पण असे कण बाहेरून तिथवर पोचू शकतात ही शक्यता गंभीर आहे.

२०१० मध्ये वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी ब्रेक पॅडमधले तांबे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे कायदे केले. तेही फुप्फुसांसाठी नव्हे. पावसाच्या पाण्याबरोबर वाहून गेलेल्या तांब्याने सॅमन माशांची वास घेण्याची क्षमता बिघडते, म्हणून. ब्रेकमधून हवेत जाणाऱ्या कणांवर थेट मर्यादा घातली ती युरोपीय संघाच्या २०२४ च्या युरो ७ नियमांनी : बहुतेक नव्या मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, विजेवरच्या गाड्यांना ३. विजेवरच्या गाड्यांत मोटरच वेग कमी करते, त्यामुळे पॅड कमी झिजतात. पण बॅटरीने त्यांचे वजन वाढते आणि तो भार टायरवर पडतो.