‘मीही अराजकवादीच’ : बनारस ते मेंढा

‘अराजक’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लुटालूट आणि बेबंदशाही येते. हा अर्थ पक्का करण्यात इंग्रज सरकारचाही हात आहे. शाळेत ‘रौलेट कायदा’ म्हणून शिकलेल्या १९१९ च्या कायद्याच्या अधिकृत नावातच ‘अराजक व क्रांतिकारी गुन्हे’ होते. बॉम्ब टाकतो तो अराजकवादी, एवढाच सरकारी हिशेब.

युरोपात फ्रेंच विचारवंत प्रुधोंने १८४० साली स्वतःला अराजकवादी म्हणवून घेतले, तेव्हा त्याच्या मनात दंगल नव्हती; वरून हुकूम न येता माणसांनी आपसांत केलेले करार होते. पुढे १८७२ मध्ये हेग शहरातल्या अधिवेशनात रशियन अराजकवादी बाकुनिनची ‘इंटरनॅशनल’ या कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून हकालपट्टी झाली. मार्क्सला राज्यसत्ता कामगारांच्या हाती हवी होती, बाकुनिनला ती कोणाच्याच हाती नको होती.

आपल्याकडचा धागा मात्र बनारसमधून निघतो. फेब्रुवारी १९१६, हिंदू विद्यापीठाचा समारंभ. व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यासाठी शहरभर गुप्त पोलीस पेरलेले. समोर दागिन्यांनी मढलेले संस्थानिक. गांधी बोलायला उभे राहिले आणि त्या बंदोबस्तावरच घसरले. मग म्हणाले, मी स्वतःही अराजकवादीच आहे, पण वेगळ्या जातीचा. ॲनी बेझंट यांनी मध्येच अडवले, संस्थानिक उठून गेले, भाषण अर्धेच राहिले.

ते अर्धे भाषण वाया गेले नाही. इंटरची परीक्षा सोडून काशीला आलेल्या, गागोद्यात जन्मलेल्या वीस वर्षांच्या विनायक भाव्यांनी त्याचा वृत्तान्त वर्तमानपत्रात वाचला, गांधींना पत्र घातले आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरबच्या आश्रमात त्यांना गाठले. पुढे विनोबा झालेल्या या माणसाने ‘शासनमुक्ती’, म्हणजे वरच्या सत्तेची गरजच उरू नये, हा शब्द आयुष्यभर लावून धरला. १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान, म्हणजे भूमिहीनांसाठी स्वेच्छेने जमीन देणे, सुरू झाले. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातील मंगरोठने अख्खे गाव दिले. तेच ग्रामदान.

गंमत अशी, की शासनमुक्तीलाही शासनाचाच कागद लागला. १९६४ साली महाराष्ट्र ग्रामदान कायदा आला आणि बराच काळ पडूनच राहिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये तो बाहेर काढला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाने त्याआधीच दिली होती. मेंढ्यात मतदान नाही, निर्णय सर्वसहमतीने. एकाचाही नकार असला तर विषय पुन्हा चर्चेला येतो. बहुमताच्या लोकशाहीत एकट्या माणसाला एवढे वजन कुठे मिळते?

तरीही मला एक गाठ सुटत नाही. ग्रामदानात जमीन कसणाऱ्याकडेच राहते, मालकी मात्र ग्रामसभेची. उद्या एखाद्याला जमीन विकून शहर गाठायचे असले, तर बाहेरच्याला ती विकता येत नाही. तिथे त्याच्यापुढे तलाठी नसतो, आपलीच माणसे बसलेली असतात. आणि त्यांच्यापुढे ‘नाही’ म्हणणे तलाठ्यापुढे म्हणण्याहून सोपे असते, असे मला वाटत नाही.