खोका बदला की खोका उघडा? जुन्या जर्मन गाड्यांच्या घरगुती इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीची पार्श्वभूमी

पंचवीस-तीस वर्षं जुनी जर्मन गाडी रस्त्यात बंद पडते तेव्हा इंजिन, क्रँक, गिअरबॉक्स हे सगळं बऱ्याचदा ठणठणीत असतं. गाडी अडते ती काडेपेटीएवढ्या रिलेमधल्या, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचमधल्या, एका तडकलेल्या सोल्डरपाशी. आता कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये त्या सोल्डरला नंबर नसतो. नंबर असतो अख्ख्या रिलेला, अख्ख्या मीटरला, अख्ख्या कंट्रोल युनिटला. दोष काही पैशांचा आणि बिल काही हजारांचं, या तफावतीतूनच घरच्या टेबलावर सोल्डरिंग गन घेऊन बसणाऱ्यांची जमात तयार झाली. तिचा इतिहास साधारण सहा दशकांचा आहे.

त्याआधी प्रश्नच नव्हता. फोक्सवॅगन बीटलची विजेची व्यवस्था बराच काळ सहा व्होल्टची होती. १९६७ मॉडेलपासून ती टप्प्याटप्प्याने बारावर गेली. इग्निशन (ठिणगीची व्यवस्था) म्हणजे उघड-मीट होणारे सीबी पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. पॉइंट काळे पडले की बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, फीलर गेजने ०.४ मिमीची फट लावायची, गाडी चालू. यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि लपवायला जागाही नव्हती.

गंमत म्हणजे त्याच १९६७ साली त्याच फोक्सवॅगनच्या दुसऱ्या गाडीत नवा जमाना बसवला गेला. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, धुराचे नियम कडक होत होते आणि कार्ब्युरेटरला ते झेपेना. बॉशने अमेरिकेच्या बेंडिक्स कंपनीच्या पेटंटचा आधार घेऊन डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली आणली आणि ती अमेरिकेला जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० मध्ये लागली. नावातला ‘डी’ म्हणजे ‘ड्रुक’, दाब. इंजिनच्या इनटेकमधला दाब मोजायचा आणि त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवायचं. यात मायक्रोप्रोसेसर नव्हता. सुटे ट्रान्झिस्टर, डायोड, रेझिस्टर होते. म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला तो बोर्ड वाचता आला असता, पण गॅरेजवाल्याला नाही. गॅरेजमधल्या ज्ञानात आणि गाडीतल्या यंत्रात फारकत पडायला सुरुवात झाली ती इथे.

पुढची पावलं भराभर पडली. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशचं एबीएस आलं. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये मोट्रॉनिक आलं आणि इंजेक्शन व इग्निशन एकाच डब्यात, एकाच मायक्रोप्रोसेसरच्या हाताखाली गेलं. गाडीत जागोजागी अॅल्युमिनिअमचे आणि प्लास्टिकचे डबे दिसू लागले, आणि डीलरकडे एक सोपं धोरण रुजलं: डब्याच्या आत बघायचं नाही, डबा बदलायचा. वॉरंटीच्या काळात ते शहाणपणाचं होतं. मालक तिसरा आणि गाडी वीस वर्षांची झाली की त्या धोरणाचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाऊ लागला.

सर्वांत गाजलेला दोष पोर्शे ९४४ आणि ९११ कॅरेरा ३.२ यांच्या डीएमई, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, रिलेचा. हा एकच रिले इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि फ्युएल पंपाला, दोघांनाही वीज देतो. गाडी तापली की मध्येच बंद पडते, अर्धा तास उभी केली की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. असल्या गाडीच्या ग्लोव्हबॉक्समध्ये जादा रिले नसेल तर मालक नवखा आहे असं समजावं. मर्सिडीजमध्ये हाच मान ओव्हीपी रिलेकडे जातो. व्होल्टेज अचानक उसळलं तर एबीएस आणि इंजेक्शनचे कंट्रोलर जळू नयेत म्हणून डब्ल्यू १२४, डब्ल्यू २०१, डब्ल्यू १२६ या सांकेतिक नावांच्या गाड्यांमध्ये तो बसवलेला असतो. संरक्षण करणारा हा पहारेकरीच आतून तडकतो, मग एबीएसचा दिवा मनाला येईल तेव्हा लागतो आणि इंजिन आयडलवर धडधडतं. गिऱ्हाईक बिचारं एबीएसचे सेन्सर बदलत बसतं.

दुरुस्ती कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. रिलेचा पत्र्याचा डबा खालच्या कडेने हलकेच उचकटायचा, बोर्ड बाहेर काढायचा आणि भिंग लावून जाड पिनांच्या बुडाशी बघायचं. पिनेभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसली की तोच दोष. आमच्याकडे कारागीर याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. नुसती गन टेकवून जुनंच सोल्डर वितळवलं तर काम होतं, पण टिकत नाही. जुनं सोल्डर विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) शोषून घ्यायचं, पिन खरवडून स्वच्छ करायची, सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स लावून नवं सोल्डर भरायचं. हीच कथा क्रूझ कंट्रोलच्या अॅम्प्लिफायरची, एसीच्या बटणांच्या युनिटची आणि फोक्सवॅगनच्या टीडीआय डिझेल गाड्यांमधल्या १०९ नंबरच्या रिलेची.

तडा का जातो? तांब्या-पितळेची पिन, सोल्डर आणि बोर्ड हे तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. रिलेतून बरेच अँपिअर सतत वाहतात, त्यामुळे तो रोज तापतो, रोज निवतो, वर गाडीचे हादरे. पंधरा-वीस वर्षांनी जोड थकतो. ‘कंपन्यांनी मुद्दाम असं केलं’ हा आरोप मला पटत नाही. तेव्हा कुणी तीस वर्षांच्या आयुष्याचा हिशेब धरून रिले बनवत नव्हतं. सुट्या भागांच्या किमतीबद्दल मात्र मी इतका उदार नाही.

मर्सिडीजच्याच १९९२ ते १९९५ दरम्यानच्या कित्येक इंजिनांचं वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हा वेगळा अध्याय. वायरीवरचं आवरण इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन बिस्किटासारखं भुगा होतं, उघडं तांबं तांब्याला लागतं आणि थ्रॉटलचं (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचं) महागडं अॅक्च्युएटर जळू शकतं. पर्यावरणाचा विचार करून निवडलेलं लवकर विघटन होणारं आवरण याला कारण, असं सर्रास सांगितलं जातं. इथे सोल्डरिंग गन पुरत नाही. हौशी लोक अख्खं हार्नेस सोलून, एकेक वायर मोजून, उष्णता सोसणाऱ्या वायरीने नवं विणतात. कनेक्टर जुनेच ठेवतात. वर आलेल्या डब्ल्यू १२४ ची एक शाखा पुण्यातही आहे: मर्सिडीजने १९९५ मध्ये टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) साथीने भारतातली आपली पहिली गाडी पुण्यात जोडली, ती हीच.

मीटरचा, म्हणजे डॅशबोर्डवरच्या काट्या-दिव्यांच्या संचाचा (इन्स्ट्रुमेंट क्लस्टरचा) इतिहास तर स्वतंत्र लेखाचा विषय व्हावा. बीएमडब्ल्यू ई३० (उत्पादन १९८२ पासून) मध्ये पुढची सर्व्हिस कधी, हे सांगणारे दिवे आले. गाडीची बॅटरी काढली तरी ती आठवण पुसू नये म्हणून मीटरच्या आत निकेल-कॅडमिअमचे छोटे सेल सोल्डर केलेले होते. सेल म्हातारे झाले की गळतात, आणि त्यातला क्षार बोर्डवरचे तांब्याचे पट्टे खातो. बाहेर काय दिसतं, तर टॅकोमीटरचा (इंजिनचे फेरे दाखवणारा) आणि तापमानाचा काटा उगाच उड्या मारतो. थर्मोस्टॅट बदलून, वॉटर पंप बदलून थकलेल्या माणसाला कुणी सांगितलं की दोष एका सेलमध्ये आहे, तर त्याचा विश्वास बसत नाही. बोर्ड व्हिनेगरने पुसायचा, खाल्लेला पट्टा बारीक वायरीने जोडायचा आणि नवे सेल वायर काढून बोर्डापासून लांब बसवायचे, ही आता रुळलेली रीत आहे.

याच मीटरच्या मागे एक छोटा प्लास्टिकचा कोडिंग प्लग असतो. इंजिन सहा सिलिंडरचं की चारचं, हे मीटरला त्या प्लगवरून कळतं. इंजिन बदललं तर प्लग बदलायचा, संपलं. पुढच्या पिढीत हेच काम सॉफ्टवेअरकडे गेलं आणि तिथूनच कटकट सुरू झाली, पण त्याकडे नंतर येऊ.

फोक्सवॅगन गोल्फच्या पहिल्या दोन पिढ्यांत पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकदमच जास्त दाखवू लागले, तर दोन्ही सेन्सर एकाच दिवशी बिघडले असं समजायचं कारण नाही. दोघांना स्थिर दहा व्होल्ट पुरवणारा एक रेग्युलेटर मीटरच्या पाठीवर असतो, तो गेलेला असतो. त्याच्या जागी ७८१० जातीची साधी आयसी चालते. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशा आयसी चिल्लर पैशांत मिळतात.

नव्वदच्या दशकातल्या बीएमडब्ल्यू ई३८ आणि ई३९ मध्ये डिस्प्लेची अक्षरं उभ्या रेघांनी विरत जातात. काच आणि बोर्ड यांना जोडणारी पातळ रिबन सोल्डर केलेली नसून उष्णतेने चिकटवलेली असते, आणि तो चिकटपणा वर्षानुवर्षांच्या उन्हाने सुटतो. सोल्डरिंग गनला टी आकाराचं टोक लावून सिलिकॉनच्या पट्टीवरून रिबन पुन्हा दाबून बसवणं, हे या क्षेत्रातलं खरं हातकसब. ‘जुन्या बाजारातून दुसरं मीटर आणून लावावं’ हा सोपा मार्ग इथे फसतो, कारण एकूण किलोमीटरचा आकडा मीटरमध्ये आणि दिव्यांच्या कंट्रोल मॉड्यूलमध्ये असा दोन ठिकाणी लिहिलेला असतो. दोन्ही जुळले नाहीत की डिस्प्लेवर छेडछाडीचा ठिपका उमटतो. आकड्याशी खेळ करणं जर्मनीत २००५ पासून फौजदारी गुन्हा आहे. त्यामुळे आपलंच मीटर उघडून आपलाच बोर्ड दुरुस्त करणं हा स्वस्त तर खराच, पण सरळही मार्ग ठरला.

याच सुमारास सोल्डरिंग गनच्या शेजारी लॅपटॉप येऊन बसला. आधी दोष कळण्याची साधनं मजेशीर होती: अमेरिकेत विकलेल्या काही बीएमडब्ल्यूंमध्ये किल्ली ऑन करून अॅक्सिलरेटर पाच वेळा पूर्ण दाबायचा, मग ‘चेक इंजिन’चा दिवा मिचकावून चार आकडी कोड सांगायचा. १९९६ पासून अमेरिकेत ओबीडी-२ (दोष वाचण्याची सामाईक पद्धत) सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना तसा नियम २००१ मध्ये लागला. पण नियमात होतं ते धुरापुरतं. एबीएस, एअरबॅग, मीटर यांच्याशी बोलण्याची भाषा प्रत्येक कंपनीची खासगीच राहिली. ती फोडली बाहेरच्यांनी. पेनसिल्व्हेनियातल्या रॉस-टेक कंपनीचं व्हॅग-कॉम हे सॉफ्टवेअर २००० च्या सुमारास आलं आणि डीलरच्या यंत्राचं बरंचसं काम घरच्या कॉम्प्युटरवर होऊ लागलं. प्रत्येक युनिटचा पत्ता ठरलेला: ०१ म्हणजे इंजिन, ०३ म्हणजे एबीएस, १७ म्हणजे मीटर. हे आकडे फोक्सवॅगन गटाच्या गाड्या पाळणाऱ्यांना तोंडपाठ असतात. महाराष्ट्रात तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला २००१ पासून जोडल्या जाऊ लागलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाचं नाव चेक असलं तरी पोटातलं इलेक्ट्रॉनिक्स फोक्सवॅगनचंच, म्हणून तिलाही हेच आकडे लागू.

बीएमडब्ल्यूच्या बाजूला याहून रंजक प्रकार घडला. ई३८, ई३९ मध्ये रेडिओ, मीटर, स्टिअरिंगवरची बटणं, सीडी चेंजर (अनेक सीडी बदलून वाजवणारा डबा) हे सगळे ‘आय-बस’ नावाच्या एकाच वायरीवर ९६०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या, निवांत वेगाने बोलतात. हौशी लोकांनी ती वायर कॉम्प्युटरला जोडून तासन् तास ऐकली. स्टिअरिंगवर आवाज वाढवायचं बटण दाबलं की वायरीवरून सोळाच्या पायाचे (हेक्स) आकडे जातात: ५० ०४ ६८ ३२ ११ १एफ. पन्नास म्हणजे बोलणारं स्टिअरिंग, चार ही लांबी, अडुसष्ट म्हणजे ऐकणारा रेडिओ, मग हुकूम, आणि शेवटचा आकडा आधीच्या पाचांचा, एक्सऑर या बिटांच्या गणिताने काढलेला ताळा. हे उलगडल्यावर सीडी चेंजर असल्याचं सोंग घेणारं सर्किट बनवणं अवघड राहिलं नाही. रेडिओ विचारतो, ‘चेंजर, आहेस का?’ सर्किट म्हणतं, ‘आहे’, आणि त्या वाटेने फोनवरची गाणी मूळ रेडिओत शिरतात. २००५ मध्ये इटलीत जन्मलेल्या आर्डुइनो या सर्किट बोर्डने आणि २०१२ च्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरने हे खेळ विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आणले.

सगळंच घरी करण्यासारखं नसतं, हेही सांगायला हवं. ऑडी ए४ आणि पसाटच्या त्या काळातल्या बॉश ५.३ एबीएस मॉड्यूलमध्ये तुटतात त्या अॅल्युमिनिअमच्या बारीक तारा, आणि अॅल्युमिनिअमला साधं सोल्डर धरत नाही. ते काम कसबी माणसाकडे पाठवलेलं बरं. एअरबॅगच्या सर्किटला तर मल्टिमीटरसुद्धा टेकवू नये, मल्टिमीटरच्या बॅटरीचा प्रवाहही आतली ठिणगी पेटवू शकतो.

आता त्या कटकटीकडे. बर्लिनची भिंत पडल्यानंतर जर्मनीतून गाड्या चोरून पूर्वेकडे नेण्याचं प्रमाण खूप वाढलं. त्यावर उपाय म्हणून इमोबिलायझर (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) आले आणि ऑक्टोबर १९९८ पासून युरोपीय संघात नव्या कारना ते सक्तीचे झाले. चोरांना आळा बसला, पण सोबत किल्ली, मीटर आणि इंजिनचा कॉम्प्युटर यांची गाठ मारली गेली. मग जुन्या बाजारातला चालू कॉम्प्युटरही आपल्या गाडीत मुका राहू लागला. पुढे ऑडीने ‘कॉम्पोनंट प्रोटेक्शन’ आणून हीच गाठ रेडिओ आणि इतर डब्यांनाही घातली. गोल्फच्या आठव्या पिढीपासून तर कोडिंगमध्ये, म्हणजे डब्यांच्या सेटिंगमध्ये, काही बदलायचं असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हरकडून परवानगीचं टोकन घ्यावं लागतं. चोरीचा युक्तिवाद किल्लीला लागू पडतो. रेडिओपर्यंत ताणला की तो विरळ होतो.

दुसरीकडे कंपन्यांनाही जुन्या गाड्यांत बाजार दिसू लागला आहे. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांच्या पुढच्या, मूळ रूप टिकवलेल्या गाड्यांना ‘एच’ नंबरप्लेट मिळते आणि करात सवलत असते. त्यामुळे डॅशबोर्ड फोडून मोठा टचस्क्रीन बसवणं मालकाला परवडत नाही, आणि नकाशा व ब्लूटूथ तर हवं असतं. पोर्शेने २०२० मध्ये जुन्या ९११ च्या रेडिओच्या खाचेत नेमका बसणारा, जुन्या धर्तीची दोन बटणं असलेला आणि अॅपल कारप्ले (आयफोन गाडीच्या पडद्यावर वापरायची सोय) चालणारा संच काढला. तेव्हाची किंमत १,४०० युरोंच्या पुढे. मूळ बेकर किंवा ब्लाउपुंक्ट रेडिओ उघडून त्याच्या आत ब्लूटूथचं सर्किट बसवून देणाऱ्या कारागिरांकडे म्हणूनच अजून काम आहे.