अवधूताचे 24 गुरू आले कुठून?

मुंगीकडून चिकाटी शिका, नदीकडून वाहत राहणं शिका असले मेसेज रोज सकाळी येतात आणि खाली कुणीतरी हमखास लिहितं की दत्तगुरूंनी पण निसर्गातूनच 24 गुरू केले होते. बरोबर आहे, पण ती यादी नीट वाचली तर त्यात मुंगी नाहीच, आणि करिअरमध्ये पुढे कसं जायचं हे तर औषधालाही नाही.

मुळात आधी सहाच गुरू होते. महाभारताच्या शांतिपर्वात बोध्य नावाचा ऋषी राजाला आपले गुरू सांगतो: पिंगला वेश्या, कुरर पक्षी, साप, भुंगा, बाण बनवणारा कारागीर आणि एक कुमारी. म्हणजे निम्मी तर माणसंच! बाणवाला कामात इतका गुंगलेला की शेजारून राजा गेला तरी त्याला पत्ता नाही, ही गोष्ट इथेही आहे आणि नंतर भागवतातही येते, आणि घरी पाहुणे आलेले असताना साळी कांडणाऱ्या मुलीने बांगड्या वाजू नयेत म्हणून हातात एकेकच ठेवली ती गोष्ट भागवतातली.

भागवताच्या अकराव्या स्कंधात, अध्याय 7 ते 9 मध्ये, या सहाचे 24 झाले. यदू राजाला एक बेफिकीर अवधूत, म्हणजे सगळं सोडून भटकणारा संन्यासी, भेटतो, राजा विचारतो तू एवढा मजेत कसा, आणि तो यादी सांगायला लागतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, समुद्र हे सगळे इथे आत आले. पण मला खरी गंमत वाटते ती प्राण्यांची, कारण त्यातले बरेचसे फसलेले आहेत. पिल्लांपायी जाळ्यात उडी घेणारं कबुतर (त्याच्या एकट्यावर मूळ संस्कृतात वीसेक श्लोक आहेत), हत्ती स्पर्शाच्या मोहाने जातो, हरीण आवाजाच्या, दिव्यावरचा पतंग रूपाच्या, मासा जिभेच्या. मधमाशी साठवून ठेवते आणि मध भलताच कुणी घेऊन जातो. कुररच्या चोचीत मांस आहे तोवर बाकीचे पक्षी टोचतात, टाकून दिलं की सुटला. आणि अजगर तर पडून राहतो, समोर येईल ते खातो, नाही आलं तर उपाशी. याची पोस्ट अजून कुणी केलेली मी तरी पाहिली नाही.

ही यादी संसार सोडलेल्या माणसाची आहे, ऑफिसला जाणाऱ्याची नाही. ती आपल्याकडे घराघरात आली ती एकनाथांमुळे. नाथ स्वतः पैठणचे गृहस्थ, बायकामुलं असलेले, आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी परंपरेनुसार देवगिरीचे किल्लेदार, म्हणजे चक्क नोकरीवाले! अकराव्या स्कंधावरची मराठी टीका नाथांनी काशीत 1573 साली पूर्ण केली. भागवतात त्या अवधूताला नावच नाहीये, नाथांनी त्याला सरळ दत्तात्रेय म्हटलं, आणि वर दत्ताच्या शिष्यांत राजा सहस्रार्जुन आणि यदूच्या नंतर तिसरे म्हणून जनार्दनस्वामींना नेऊन बसवलं. माझ्या मते तिथेच ही यादी संन्याशाच्या हातून कामधंदा करणाऱ्याच्या हातात आली. नाथांनी अजून एक केलं, हे गुरू कशासाठी ते फोडून सांगितलं: काहींचा गुण उचलायचा, काहींकडे बघून आपला दोष टाकायचा. मग कीर्तनकारांनी आणि दत्तजयंतीच्या प्रवचनांनी ते गावोगाव नेलं.

हल्लीच्या मेसेजमध्ये टाकायचा भाग गायब झालाय, उरले फक्त जिंकणारे प्राणी. आणि ते पुरेनात म्हणून बनवले पण, तो गरुड आठवतोय ना, चाळिशीत डोंगरावर जाऊन स्वतःची चोच दगडावर फोडतो आणि मग नवी येऊन अजून 30 वर्षं जगतो? असं काही होत नाही, चोच फुटलेला गरुड खाणार काय. जुन्या यादीतही सगळं अचूक नव्हतं म्हणा, कुंभारमाशी कोंडून ठेवलेल्या अळीला ध्यास लावून आपल्यासारखं करते असं त्यात आहे, खरं तर ती अळी माशीच्या पिल्लाचं जेवण असते. पण कोळी स्वतःचंच जाळं गिळतो असं लिहिलंय ते मात्र खरंय, काही जातींचे कोळी रोज जुनं जाळं खाऊन नवं विणतात.